मावशीकडे सोलर बसला!
आज मावशीच्या गच्चीवर सोलर बसला. ३ किलोवॅटचा. बसवणारी पोरं कामात चोख होती, तरी मी होकायंत्र घेऊन मधे मधे लुडबुड करत होतोच. पॅनलचं तोंड दक्षिणेला हवं आणि पुण्यात कल साधारण १८-१९ अंश, आपल्या अक्षांशाइतका. शेवटी काका म्हणाले, "तू जेवायला बस, त्यांना काम करू दे."

हा नाद शाळेपासूनचा. घरी पेटीसारखा सोलर कुकर होता, आतून काळा, झाकणाला आरसा. सकाळी लावलेली तुरीची डाळ दुपारी मऊसूत. आरसा सूर्याकडे फिरवत बसणं हे माझं खातं. पुढे कळलं, १९५४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेने दाखवलेला सिलिकॉनचा सेल (पॅनल अशाच सेलचं बनतं) जेमतेम ६ टक्के ऊन विजेत बदलायचा. आजचे चांगले पॅनल २० च्या वर जातात.

मावशीला वाटत होतं, मे महिन्यात वीज धो धो येणार. तसं नसतं! पॅनलला उजेड हवा, ताप नको. सेल २५ अंशांच्या वर तापला की दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. आणि धूळ पुसायची ती सकाळी लवकर. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही, हे दोनदा बजावून आलोय.

नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं मीटर, अजून बसायचंय. सूर्यघर योजनेचं ७८ हजारांचं अनुदान त्यानंतर. तोवर मावशीचा प्रश्न: आता कुरडया वाळत घालायच्या कुठे? यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. कुणाकडे असेल तर सांगा.