तुम्ही विचारलंत म्हणून: बोअर वाढवला तर गाडी पळेल का?

प्रश्न साधारण असा येतो. जुनी एस्टीम किंवा जिप्सी आहे, ऑइल खायला लागली म्हणून इंजिन उघडलंय, आणि मशीनशॉपवाला म्हणतोय की रिबोअर करावंच लागेल, म्हणजे घासलेले सिलिंडर आतून कोरून थोडे मोठे करावे लागतील. मग करायचंच आहे तर एकदम मोठा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मारून सीसीच वाढवली तर? टर्बो-बिर्बो नको, नुसती सीसी.

आधी हिशेब. मारुतीच्या १.३ लिटरच्या जी-१३ इंजिनाचा बोअर ७४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ७५.५ मिमी. चार सिलिंडर मिळून १२९८ सीसी. बोअर ७४.५ केला, म्हणजे पिस्टन 'पन्नास साइझ' (०.५० मिमी मोठे) टाकले, की होतात १३१६. पूर्ण एक मिलिमीटर वाढवून ७५ केला तर १३३४. ३५ सीसी जास्त, पावणेतीन टक्के. जिप्सी किंगचं एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचं) इंजिन ८० बीएचपी (अश्वशक्ती) देतं, तेव्हा सगळं जुळून आलं तरी हातात पडतात दोन-सव्वादोन बीएचपी. गाडीचा एसी कॉम्प्रेसर याहून जास्त खातो.

तरी रिबोअर करून आलेला माणूस शपथेवर सांगतो की गाडी पाखरासारखी उडतेय. खोटं बोलत नाही तो. घासलेल्या बोअरमधून आणि थकलेल्या रिंगांमधून जे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) निसटत होतं ते परत आलेलं असतं. गेलेले आठ-दहा बीएचपी परत मिळतात आणि श्रेय जातं वाढलेल्या अर्ध्या मिलिमीटरला. तोच ब्लॉक स्टँडर्ड साइझचा नवा असता तरी गाडी तशीच उडाली असती.

आता याच इंजिनाचा इतिहास बघा, त्यात उत्तर आयतंच आहे. बोअर ७४, स्ट्रोक ७५.५, यात काडीचाही बदल नाही. आठ व्हॉल्व्ह आणि कार्ब्युरेटरवाल्या जिप्सी किंगला सुमारे ६० बीएचपी. सोळा व्हॉल्व्ह आणि इंजेक्शन आल्यावर ८०. एस्टीममध्ये ८५. आणि सुझुकीने परदेशात विकलेल्या स्विफ्ट जीटीआयमध्ये दोन कॅमशाफ्टचं (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) हेड (सिलिंडरवरचं झाकण) बसवून सुमारे १००. तेवढ्याच १२९८ सीसीतून चाळीस बीएचपी जास्त निघाले ते हेड, व्हॉल्व्ह, कॅम, इंधन आणि एक्झॉस्टमधून. सीसी खरंच वाढवायची होती तेव्हाही सुझुकीने काय केलं? आपल्याकडच्या पहिल्या बलेनोतलं जी-१६ घ्या: बोअर ७५, स्ट्रोक ९०, सीसी १५९०. बोअर एकच मिलिमीटर वाढवला, स्ट्रोक साडेचौदा.

मोठा बोअर वाईट असतो असं मात्र नाही. बोअर मोठा असला की हेडमध्ये मोठे व्हॉल्व्ह बसतात आणि स्ट्रोक आखूड ठेवता आला तर पिस्टनचा वेग आवाक्यात ठेवून आरपीएम चढवता येतात. फॉर्म्युला वनच्या २.४ लिटर व्ही-८ इंजिनांना नियमाने ९८ मिमीपर्यंत बोअर घेता यायचा, त्या मापाला स्ट्रोक चाळीस मिलिमीटरच्या आत यायचा आणि इंजिनं १८,००० आरपीएमवर फिरायची. पण तिथे हेड त्या बोअरसाठीच कोरलेलं होतं. तुमच्या गाडीत बोअर वाढवून वर जुनंच हेड बसणार. श्वास घ्यायची नळी तीच आणि छाती थोडी मोठी. त्यामुळे खालच्या आरपीएमला ओढ किंचित वाढते, पण कमाल ताकद थोड्या कमी आरपीएमलाच गाठली जाते आणि वर इंजिन लवकर दमतं. घाटात गिअर कमी बदलावे लागतात, हा फायदा खरा आहे.

बोअर किती वाढवता येईल ते सिलिंडरची भिंत ठरवते. जी-१३ चा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असून आत बिडाचे लाइनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) ओतलेले आहेत. कंपनीचे ओव्हरसाइझ पिस्टन ०.२५ आणि ०.५० एवढेच, आणि ते कंजूषपणाने ठरवलेलं नाही. लाइनर ओतताना जरासा सरकलेला असू शकतो, म्हणजे एका बाजूला भिंत जाड, दुसरीकडे पातळ. पातळ बाजू दाबाखाली वाकते, बोअर चालत्या इंजिनात गोल राहत नाही, रिंगा सील करत नाहीत, क्रँककेसमध्ये ब्लो-बाय (रिंगांवरून खाली निसटणारा वायू) वाढतो आणि गाडी पुन्हा ऑइल खायला लागते. भर म्हणून ती जागा जास्त तापते आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) तिथूनच सुरू होतं. ०.५० च्या पुढे जायचंच असेल तर आधी अल्ट्रासोनिक जाडीमापकाने प्रत्येक सिलिंडर चार बाजूंनी, वर-मध्ये-खाली मोजून घ्या. सर्वांत पातळ आकडा पिस्टनच्या थ्रस्ट बाजूला (पिस्टन जिकडे जास्त दाबला जातो) आला तर विषय तिथेच संपवा. ज्या नव्या इंजिनांत लाइनरच नसून बोअरवर फवारलेला पातळ लेप असतो, तिथे रिबोअरचं नावच काढू नका.

जी-१६ चे ७५ मिमीचे पिस्टन जी-१३ मध्ये घालायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. व्यास जुळला म्हणजे पिस्टन जुळला असं होत नाही. गजन पिनचा (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन) व्यास, पिनपासून माथ्यापर्यंतची उंची, व्हॉल्व्हसाठीच्या खाचा, हे सगळं कॅलिपर घेऊन मोजा. उंची एक मिलिमीटर जास्त निघाली तर पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाट भागाच्या) वर येईल आणि पहिल्याच फेऱ्यात हेडला भेटू शकतो.

काम देताना क्रम चुकवू नका. पिस्टन आधी विकत घ्या, बोअर नंतर मारा, तोही प्रत्येक पिस्टन मोजून. कोल्हापूरच्या उद्यमनगरात काय किंवा तुमच्या गावात काय, चांगला मशीनवाला पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक मशीनवर चढवत नाही. डब्यावर 'पन्नास साइझ' लिहिलंय म्हणून ७४.५० मारून मोकळा होणाऱ्याकडून ब्लॉक परत आणा. पिस्टन स्कर्टवर (रिंगांखालच्या घेरावर), खालच्या कडेपासून थोडं वर आणि पिनला काटकोनात मोजायचा. जी-१३ ला पिस्टन आणि बोअरमधलं अंतर (क्लिअरन्स) २० ते ४० मायक्रॉन (हजारांश मिलिमीटर) हवं. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन असतील तर ते जास्त लागतं; पिस्टनवाल्याने दिलेला आकडाच खरा.

हे अंतर किती बारीक आहे ते बघा. ७५ मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन पंधरा अंशांनी तापला की वीस-पंचवीस मायक्रॉन फुगतो. म्हणजे पिस्टन उन्हात पडलेल्या खोक्यातून काढून सावलीतल्या ब्लॉकशी मापला तर अख्ख्या क्लिअरन्सएवढी चूक मापातच झाली. पिस्टन, ब्लॉक आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी मापं घ्यावीत.

बोअरिंग बार अंतिम मापाच्या आधी पाच ते आठ शतांश मिलिमीटर थांबवायचा, उरलेलं होनिंगने (घासणीच्या दगडांनी बारीक घासून) काढायचं. होनिंगच्या वेळी मेन बेअरिंगच्या कॅप टॉर्कने आवळलेल्या हव्यात आणि वर टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड पाटी) हवी, कारण हेडचे बोल्ट आवळले की बोअर किंचित वाकडा होतो. टॉर्क प्लेट सगळीकडे मिळत नाही, पण विचारायला हरकत नाही. नंतर ब्लॉक गरम पाण्याने आणि साबणाने ब्रश घालून धुवा. नुसत्या रॉकेलने होनिंगची पूड खाचांतून निघत नाही. तेल लावलेलं पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवून करडं येत असेल तर पुन्हा धुवा. हे न केल्याने नव्या रिंगा हजार किलोमीटरात संपतात आणि दोष पिस्टनच्या कंपनीवर जातो.

रिंगेची फट प्रत्येक सिलिंडरमध्ये वेगळी तपासा: रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनने सरळ खाली सरकवा आणि फिलर गेज (पातळ पट्ट्यांचं मापक) लावा. ७५ मिमीच्या बोअरला वरच्या रिंगेसाठी ०.३० मिमीच्या आसपास ठीक. फट कमी पडली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनवरची रिंगेची लँडच (दोन खाचांमधला भाग) तुटते. हेड पॅकिंगचं भोकही नव्या बोअरवर ठेवून बघा; कड आत डोकावत असेल तर ती लाल होऊन जळते.

कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं) आपोआप चढतो, कारण हेडमधली पोकळी तेवढीच राहते. मूळ ९:१ धरला तर ७५ मिमीला ९.२ होतो. यात फायदाच आहे; आपल्या साध्या पेट्रोलवर चालून जातं. मात्र त्यासोबत हेडही फेस (खालून घासून सपाट) करून घेतलंत तर पुन्हा मोजा. कार्ब्युरेटर असेल तर प्लगचा रंग बघून जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) ठरवा. एमपीएफआयमध्ये एवढा बदल ईसीयू (इंजिनाचा संगणक) बहुतेक सांभाळून घेतो, पण फुल थ्रॉटलला मिश्रण पातळ होत नाही ना हे वाइडबँड मीटर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं) लावून बघावं.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ निर्मात्याच्या तपशिलापासून गाडी बदलायला मनाई करतं आणि आरसीवर सीसी छापलेली असते. कंपनीच्या ओव्हरसाइझ पिस्टनने केलेला रिबोअर ही दुरुस्ती. मुद्दाम वाढवलेली सीसी हा वेगळा मामला, अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर तो उकरून काढू शकतो. रॅलीत उतरणार असाल तर वर्गाची सीसी-मर्यादा आणि ओव्हरबोअरची सूट त्या वर्षीच्या नियमांत वाचून मगच ब्लॉक द्या.

तेव्हा रिबोअर लागणार असेल तर ०.२५ ने घासलेला भाग निघतोय का ते आधी बघा. निघत असेल तर ०.२५ च करा, पुढच्या वेळेसाठी ०.५० शिल्लक राहतो. वाचलेले पैसे हेडवर घाला: व्हॉल्व्ह सीटचं तीन कोनांत कटिंग, गाइड, सील, पोर्टमधल्या ओतकामाच्या कडा साफ करणं. इंजिन जुळल्यावर पहिले काही दिवस एकाच वेगाने चालवू नका आणि ताटकळत आयडलवर ठेवू नका. २,००० ते ४,००० आरपीएममध्ये चढ-उतार, मध्येच पाय सोडून इंजिन ब्रेकिंग, आणि ५०० किलोमीटरला ऑइल-फिल्टर बदल. हे पहिलं ऑइल साधं मिनरलच घाला.