फोर्टिस दिवा: तिसरा साचा आणि माझी चोरी

फोर्टिस या रोमन कारागिराच्या छापाच्या मातीच्या दिव्याची नक्कल करतोय, तर त्यातला तिसरा दिवा काल भट्टीतून निघाला. यावेळी जरा आळस केला, मूळ मॉडेल शेल्फवरून पडून त्याचं नाकाड (वात बसते ते तोंड) तुटलेलं, मग म्हटलं कोण परत घडवत बसणार, मागचा भाजलेला दिवा आहे ना, त्याच्यावरच पीओपी ओतून साचा काढला.

दिवा छान आला, पण पिल्लू आलं! मॉडेल १०.५ सेमी होतं, पहिला दिवा ९.६ आणि हा ८.८. माती वाळताना, भाजताना आक्रसते हे माहीत होतं, पण ती दोनदा आक्रसणार हे डोक्यातच आलं नाही. आणि तळावरचं फोर्टिस हे उठावाचं नाव, ज्याच्यासाठी मी दोन रविवार सुईने कोरत बसलेलो, ते पार बसलंय, शेवटचा एस म्हणजे नुसता फुगवटा.

गंमत म्हणजे रोमन काळातही हेच चालायचं. फोर्टिसचे दिवे मूळचे उत्तर इटलीतल्या मुटिनाचे, म्हणजे आजचं मोडेना. २००८ ला तिथे खोदकामात मातीच्या मालाचा जुना उकिरडा सापडला, त्यात फोर्टिस, स्ट्रोबिलस अशा नावांचे दिवे निघाले. पण माल एवढा चालला की गॉल (साधारण आजचा फ्रान्स), ब्रिटन, डॅन्यूबकाठपर्यंत लोकांनी विकत आणलेल्या दिव्यावरनंच साचे काढले, नावासकट! दर पिढीला दिवा लहान आणि अक्षरं पुसट, त्यावरूनच अभ्यासकांना नक्कल ओळखता येते. म्हणजे माझीही चोरी पट्टीने मोजून पकडता येईल.

अजून एक. वरच्या कडेला मोहरीएवढ्या चार-पाच गोळ्या उठल्यात. पीओपी कालवताना हवेचे बुडबुडे राहिले, साच्यात तिथे खळगे पडले आणि मातीने ते भरून काढले. आधी चाकूने खरवडणार होतो, पण म्युझियममधल्या कित्येक रोमन दिव्यांवर अश्शाच गोळ्या असतात आणि साचा प्लास्टरचा होता हे त्यावरून कळतं, मग राहू दिल्या. (बायको म्हणते दिव्याला घामोळं आलंय.)

ऑलिव्ह तेल घालून पेटवला. वात आधी जाड झाली, धूर नुसता, मग निम्मी केल्यावर ज्योत नीट लागली. नाकाडापर्यंत जी उघडी पन्हळ आहे ना, तिच्यातून सांडलेलं तेल परत वातीकडे जातं, आपल्या पणतीला हे नाही. पण तेल बुडातून पाझरतंय, रात्रभरात खालचा पेपर तेलकट झाला. पुढच्या खेपेला आतून पातळ मातीचा हात देऊन बघतो, आणि मॉडेल नवीन, ११.५ चं.