सुरगाठ की निरगाठ? जपानमधली वर्षअखेरची चहाची भेट

नोव्हेंबर उलटू लागला की जपानमधल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअर्समध्ये भेटवस्तूंचा खास विभाग उघडतो. लोक नंबर घेऊन बसतात, पत्त्यांची यादी काढतात आणि एकेका नावासमोर वस्तू ठरवतात. ही 'ओसेइबो'ची तयारी. वर्षभर ज्यांच्या आधारानं आपलं निभावलं, त्यांना डिसेंबरात द्यायची ही भेट. उन्हाळ्यातली तिची जोडीदार म्हणजे 'ओचुगेन'.

पूर्वज आणि नव्या वर्षाचा देव यांच्यासाठीचे जिन्नस मूळ घरी पोचवायची रीत यामागे आहे. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) उधारीचे हिशेब बोन या उन्हाळ्यातल्या पूर्वजांच्या सणाला आणि वर्षअखेरीला मिटवत, तेव्हा व्यापारीही भेटी नेऊ लागले. पूर्वेकडे खारवलेला सामन, पश्चिमेकडे बुरी मासा, ही जुनी मानाची भेट. आता हॅम, बिअर, तेल, फळं आणि चहा जास्त दिसतात.

भेट धाकट्याकडून वडीलधाऱ्याकडे जाते: सासूसासरे, लग्न जुळवणारे, चहाविधी किंवा इकेबाना (पुष्परचना) शिकवणारे गुरू, कामातले वरिष्ठ. मात्र सरकारी नोकरांना ज्यांच्याशी कामाचा संबंध आहे त्यांच्याकडून भेट घेता येत नाही. त्यासाठीचा कायदा २००० सालापासून लागू आहे. सरकारी शाळेतल्या शिक्षकांनाही पाठवू नका. अनेक खासगी कंपन्यांनी ही प्रथा बंद केली आहे, म्हणून साहेबांना पाठवण्याआधी जुन्या सहकाऱ्याला विचारून घ्या. नियम मोडून आलेली भेट परत पाठवताना घेणाऱ्याचीच पंचाईत होते.

तोक्योच्या बाजूला डिसेंबर लागला की भेटी पोचू लागतात, क्योतो-ओसाकाकडे १३ डिसेंबरपासून. दोन्हीकडे २० तारखेच्या आसपास पोचलेली बरी. उशीर झाला तर भेटीच्या कागदावरचा शब्द बदलतो. १ ते ७ जानेवारीत 'ओनेन्गा' (क्योतो-ओसाकाकडे १५ पर्यंत चालतं) आणि त्यानंतर ४ फेब्रुवारीच्या आसपासच्या 'रिश्शुन'पर्यंत 'कान्च्यू ओमिमाई', म्हणजे ऐन थंडीतली विचारपूस. रक्कम साधारण ३००० ते ५००० येन, फार मोठे उपकार असतील तर १०,०००. यापेक्षा महाग भेट समोरच्याला ओझं वाटते.

आता चहा. वरवर पाहता याहून निर्धोक भेट नाही: हलका, टिकाऊ, प्रत्येक घरात लागणारा. पण जपानमध्ये चहा हीच मृत्यूनंतरच्या परतभेटीचीही वस्तू आहे. अंत्यविधीला लोक 'कोदेन' म्हणून पैसे देतात आणि शोकातलं घर साधारण ४९ दिवसांनंतर त्याच्या अर्ध्या ते तिसऱ्या हिश्शाएवढी भेट परत पाठवतं. तिथे चहा निवडायचं कारण, तो पिऊन संपतो. दुःखही तसंच सरावं, मागे उरू नये, ही भावना. त्यामुळे काहीही न लिहिलेला, फिकट हिरव्या-करड्या कागदातला चहाचा डबा वयस्कर माणसाच्या दारात आला, तर पहिला विचार येतो तो 'कोण गेलं?'

हा घोटाळा कागदामुळे टळतो. डब्यावर 'नोशी' कागद, म्हणजे भेटीचा प्रसंग सांगणारा कागद, हवाच. वर उजव्या कोपऱ्यात नोशीचं चिन्ह असतं (मुळात ती अबालोन शिंपल्यातल्या वाळवलेल्या मांसाची पट्टी, म्हणून मासे-मांसाच्या भेटीवर नोशी लावत नाहीत). मध्ये लाल-पांढऱ्या दोऱ्यांची 'मिझुहिकी', आणि खरा अर्थ तिच्या गाठीत. ओसेइबोला सुरगाठ लागते: सुटते, पुन्हा बांधता येते, म्हणजे हा प्रसंग पुन्हा पुन्हा येवो. लग्नाला आणि अंत्यविधीला निरगाठ, कारण ते एकदाच व्हावं. अंत्यविधीच्या दोऱ्या काळ्या-पांढऱ्या, क्योतो-ओसाकाकडे पिवळ्या-पांढऱ्याही, आणि तिथे नोशीचं चिन्ह नसतं. म्हणजे तोच १०० ग्रॅमचा डबा एका गाठीनं आभाराचा होतो आणि दुसरीनं शोकाचा. शुभ आणि अशुभ प्रसंगी कागदाची घडीसुद्धा उलट असते, म्हणून घरी गुंडाळायच्या फंदात न पडता दुकानातूनच करून घ्या.

काउंटरवर तीन गोष्टी सांगाव्या लागतात. भेट कशासाठी: 'ओसेइबो देसु' एवढं पुरे, वरचा शब्द आणि गाठ ते ठरवतात. खाली नाव कोणतं. आपलं नाव काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, लिहून न्या, नाहीतर उच्चारावरून भलतंच छापलं जातं. तिघांची मिळून भेट असेल तर सर्वांत ज्येष्ठाचं नाव उजवीकडे. आणि नोशी वेष्टनाच्या आत की बाहेर: पार्सलनं पाठवायचं तर आत ('उचीनोशी'), म्हणजे वाटेत फाटत नाही, हातानं द्यायचं तर बाहेर ('सोतोनोशी'). पहिल्यांदाच देताय आणि दरवर्षी जमेल याची खात्री नाही? मग वर 'ओसेइबो'ऐवजी 'ओनरेई', म्हणजे आभार, लिहून घ्या. ओसेइबो एकदा सुरू केला की पुढच्या वर्षीही अपेक्षित असतो आणि अचानक थांबवणं रुक्ष दिसतं.

त्यांच्या किंवा आपल्या घरी सुतक असेल तरी ओसेइबो देता येतो, कारण तो आभार आहे, सण नाही. फक्त ४९ दिवस उलटू द्यावेत आणि लाल-पांढऱ्या दोऱ्यांऐवजी साधा पांढरा कागद घ्यावा. अशा घरी चहा मात्र नको, दुसरं काहीही.

डब्याचा रंग लाल, सोनेरी किंवा फुलांच्या नक्षीचा निवडा. कमळ टाळा. आपल्याला कमळ म्हणजे लक्ष्मीचं आसन, तिथे ते बौद्ध अंत्यविधीच्या पाकिटावर असतं. सोबत योकान (लाल शेंगदाण्यांची नव्हे, गोड डाळीची वडी) किंवा सेम्बेई (तांदळाचे कुरकुरीत पापड) ठेवलं की भेट आपोआप आनंदाची दिसते.

चहा कोणता? मे महिन्यातला ताजा 'शिन्चा' ओचुगेनचा. डिसेंबरात उन्हाळाभर मुरवलेला 'कुरादाशी' चहा मिळतो, त्याची चव मवाळ असते. साधारण १०० ग्रॅमला १००० येनच्या पुढची सेन्चा, म्हणजे रोजचा हिरवा चहा, भेटीला शोभते. उजी किंवा यामे या गावांची ग्योकुरो (सावलीत वाढवलेला हिरवा चहा) मानाची, पण ती करायला धीर लागतो: ५० ते ६० अंशांचं पाणी, दोन मिनिटं. उकळतं पाणी ओतलं की कडवटपणा देणारे कॅटेचिन भराभर उतरतात आणि महागडा चहा वाया जातो. सेन्चाला ७० ते ८० अंश आणि एक मिनिट. रात्री चहा नको म्हणणाऱ्या वयस्करांना होजिचा द्या. भाजलेला, कॅफिन कमी, उकळत्या पाण्यात अर्ध्या मिनिटात तयार. कानाझावाची देठांची 'कागा बोचा' यात सुरेख. माचा (हिरव्या चहाची पूड) फक्त घरी चासेन, म्हणजे बांबूची घुसळणी, असलेल्यांनाच.

दोघांच्या घराला १०० ग्रॅमचे दोन डबे पुरतात. एका किटलीला ५ ग्रॅम धरले तर एका डब्यात २० किटल्या होतात, आणि उघडलेला डबा महिन्याभरात संपायला हवा. फ्रिजमध्ये ठेवलेला बंद डबा बाहेर काढून लगेच उघडू नये. गार पानांवर दव धरतं आणि वास उडतो.

एकच सुचवायचं झालं तर आम्ही क्योतोचा 'ओबुकुचा' सुचवू. नव्या वर्षाच्या सकाळी गाठ मारलेला कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घालून तो पितात. आख्यायिका ९५१ सालच्या साथीची आहे. कूया नावाच्या भिक्षूनं लोकांना असाच चहा पाजला म्हणतात. तो वर्षअखेरीलाच विकला जातो आणि थेट नव्या वर्षाशी बांधलेला असल्यामुळे शोकाची शंकाच उरत नाही. ३१ च्या आत पोचला पाहिजे एवढंच.

कप द्यायचे तर पाचचा संच घ्या, चारचा नको: चार म्हणजे 'शी', आणि 'शी' म्हणजे मृत्यू. चहा ठेवायचा रिकामा डबाच द्यायचा असेल तर काकुनोदातेच्या चेरीच्या सालीचा डबा वर्षानुवर्षं टिकतो.

हातानं देताना पिशवीतून किंवा फुरोशिकीतून (भेट गुंडाळायच्या कापडातून) बाहेर काढा, अक्षरं त्यांच्याकडे वळवा, दोन्ही हातांनी द्या आणि पिशवी परत घ्या. 'कोतोशी मो ओसेवा नी नारिमाशिता' (यंदाही तुमचा आधार झाला) एवढं म्हणावं. पार्सल असेल तर दोन ओळींचं पत्र आधी पोचू द्या. तुम्हाला ओसेइबो आला तर दोन-तीन दिवसांत आभाराचं पत्र लिहा. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत; तो नियम इथे लावू नका, ओसेइबोला परतभेट लागत नाही.

आणि भारतातून नेलेला चहा? दार्जिलिंग तिथे ओळखीचा आहे, तो चालतो. मसाला चहा ओसेइबो म्हणून नव्हे, प्रवासातली 'ओमियागे', म्हणजे आठवणीची भेट, म्हणून द्या, ५० ते १०० ग्रॅमच. सोबत जपानीत चिठ्ठी हवी: दोन कपांना १५० मिली पाणी, तेवढंच दूध, ५ ग्रॅम चहा, उकळून गाळायचं. चिठ्ठी नसेल तर आपली आसामची बारीक पूड किटलीत टाकून वर गरम पाणी ओतलं जातं आणि हाती येतो तो कडू काळा काढा.