एवढ्याशा बर्फात कसली भीती?

दर नोव्हेंबरात साताऱ्याहून ताईचा फोन येतो. मी आधी फोटो पाठवलेले असतात: तपकिरी गवत, काळे दगड, मधेमधे बर्फाचे पट्टे आणि पायांत स्की घालून उभे आम्ही दोघं. ती म्हणते, "अगं, हा एवढासा बर्फ! गवतसुद्धा झाकलेलं नाही. आणि धोका होता म्हणून तुम्ही अर्ध्या वाटेतून परत फिरलात?" इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरच्या मराठी मंडळींत दिवाळीच्या फराळालाही हेच विचारतात, पुण्याचे जुने ट्रेकचे सोबतीही विचारतात. हिमस्खलन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे जानेवारीतला पुरुषभर बर्फ येतो. सगळेच विचारतात म्हणून सांगते, आणि जरा सविस्तर सांगते. कारण हे उत्तर मला फार उशिरा कळलं, आणि त्याची किंमत माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याने चुकवली.

आम्ही जातो ती जागा म्हणजे बर्थड पास. डेन्व्हरहून दीड तासाच्या आत गाठता येणारी खिंड, उंची ११,३०७ फूट. इथे पूर्वी स्कीचं रिसॉर्ट होतं, ते २००१ साली बंद झालं. आता वर न्यायला पाळणे नाहीत, आणि सकाळी सुरुंग लावून धोकादायक बर्फ आधीच पाडून टाकणारं कोणी नाही. स्कीच्या तळाला कातड्यासारखी पट्टी चिकटवायची, तिला स्किन म्हणतात. तिचे केस एकाच दिशेला झुकलेले असतात, म्हणून स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. तीन तास चढायचं, वर पट्ट्या सोलून सॅकमध्ये टाकायच्या आणि दहा मिनिटांत खाली यायचं. त्या दहा मिनिटांसाठी मी आठवडाभर हवामान बघत असते. सह्याद्रीत वाढलेल्या माझ्यासारखीला डोंगर पायांनीच समजतो, आणि इथला डोंगर हिवाळ्यात समजून घ्यायचा तर हीच वाट आहे.

आता मुद्द्याचं. बर्फ कमी असतो म्हणून धोका कमी, असं आपल्याला वाटतं. खरं उलट आहे. बर्फ कमी असतो म्हणूनच तो बिघडतो.

उन्हाळाभर तापलेली जमीन बर्फाखाली शून्य अंशाच्या आसपास राहते, बर्फ तिच्यावर गोधडीसारखा पसरलेला असतो. कोलोरॅडोची नोव्हेंबरातली रात्र निरभ्र असते आणि बर्फाचा पृष्ठभाग उणे सोळापर्यंत सहज उतरतो. बर्फ चाळीस सेंटिमीटर असेल तर सोळा अंशांचा फरक चाळीस सेंटिमीटरमध्ये बसवायचा, म्हणजे दर दहा सेंटिमीटरला चार अंश. तीच रात्र, तीच थंडी, पण बर्फ दोन मीटर असेल तर दर दहा सेंटिमीटरला एक अंशही होत नाही. आणि साधारण एक अंश हीच सीमा आहे. त्यापुढे फरक गेला की खालच्या उबदार थरातली वाफ थंड पृष्ठभागाकडे जोरात वर सरकू लागते. जाता जाता ती कणांमधले बारीक जोड खाते आणि कणांना टोकदार, कोनदार करत जाते. आठ-पंधरा दिवसांत तळाचा बर्फ बर्फ राहत नाही, जाड साखर होते. इथले लोकही त्याला साखरच म्हणतात. मी ताईला सांगितलं, तूप कमी पडलेला रवा आठव. मूठ दाबायची, उघडायची, की सगळं सुटं. लाडू वळतच नाही.

नुसत्या साखरेने कोणी मरत नाही. तिच्यावर पुढचं वादळ येऊन बसतं तेव्हा गोष्ट बदलते. इथला वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. तो कड्याच्या एका अंगाचा बर्फ उचलतो आणि दुसऱ्या अंगाच्या घळीत आणून थापतो. थापलेला थर एकसंध, कडक आणि जड होतो. खाली साखर, वर फरशी आणि उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा, एवढं जुळलं की एका माणसाचं वजन पुरतं. जिथे पाऊल पडलं तिथेच ते तुटतं असंही नाही. साखर खचते आणि तो खचका फरशीखालून धावत जातो, कधी शंभर फुटांपलीकडे.

सुरुवातीच्या दिवसांतली खरी मेख मात्र वेगळीच आहे, आणि ती मला कोणत्याही वर्गात इतकी नीट समजली नव्हती. उघड्या माळावर गवत दिसतं, तिथे स्की चालतच नाही. मग आपण बर्फ शोधत जातो. तो कुठे सापडतो? वाऱ्याने भरलेल्या घळीत, कड्याच्या आडोशाला, उत्तरेकडच्या सावलीत. म्हणजे अख्ख्या डोंगरावर जेवढी जागा स्कीजोगी, नेमकी तेवढीच जागा सरकायला तयार. फोटोतला तो एकच सुंदर पांढरा पट्टा, ताई, तोच.

आमचा अपघात अशाच पट्ट्यात झाला. सहा महिने वाट बघून आलेला पहिला रविवार. त्या दिवशीचा हिमस्खलनाचा जाहीर धोका पाचपैकी दुसऱ्या पायरीचा, 'मध्यम'. घळ जेमतेम आमच्या घराच्या अंगणाएवढी रुंद. नवरा पुढे होता. तिसऱ्या वळणाला त्याच्याभोवती काचेला जाते तशी रेघ गेली आणि सगळा तुकडा त्याला घेऊन निघाला. तो गाडला गेला नाही, बर्फच तेवढा नव्हता. पण खोल बर्फात जे दगड आणि झाडांचे बुंधे झाकलेले असतात ते इथे बोटभर खाली होते, आणि त्यांवरून तो शंभरेक फूट खरवडत गेला. माझ्या हातून ओरडण्यापलीकडे काही झालं नाही. गुडघा फिरला होता, हेल्मेट फुटलं होतं. बचाव पथकाच्या स्वयंसेवकांनी स्लेजवर बांधून खाली आणायला चार तास लागले. आपापला रविवार सोडून आलेली माणसं होती ती, एक पैसा न घेता. त्यातल्या एका बाईंनी माझे हात स्वतःच्या जाकिटात धरून ठेवले होते. चूक सर्वस्वी आमची होती. बर्फाची जाडी बघून आम्ही ठरवलं होतं की एवढ्याशाने काय होणार.

त्यानंतर मी अपघातांचे अहवाल वाचायला लागले. ७ ऑक्टोबर २०१७ ला माँटॅनातल्या इम्प पीकवर दोन अनुभवी गिर्यारोहक स्कीवर चढत होते. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, बर्फ जेमतेम. तरी फरशी तुटली आणि त्यातली तरुणी पूर्ण गाडली गेली. तिचा बीकन, म्हणजे गाडलेल्या माणसाचा संदेश देणारं यंत्र, तिच्या सॅकमध्ये बंद होता. गाडलेल्याला पहिल्या पंधरा मिनिटांत काढलं तर तो बहुधा वाचतो, अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने ओसरते. म्हणून आता आमच्या घरी ऑक्टोबरच्या पहिल्या बर्फालाही बीकन अंगावर चढवून, चालू करून, एकमेकांचा तपासून मगच गाडीचं दार उघडतं.

आणि ही साखर नोव्हेंबरात संपत नाही. ती पुढच्या सगळ्या बर्फाखाली महिनोन्‌महिने दबून राहते. शेजारच्या लव्हलँड पासजवळ, शीप क्रीकला, २० एप्रिल २०१३ रोजी सहा जणांवर उतार कोसळला आणि पाच जण गेले. एप्रिलमध्ये! तुटलं ते तळाशी, हिवाळ्याच्या सुरुवातीच्या थरावर. अमेरिकेत हिमस्खलनाने सगळ्यात जास्त माणसं कोलोरॅडोतच गेली आहेत, त्यामागे हा पातळ, थंडीने पोखरलेला बर्फ मोठं कारण आहे.

ताईला हे खरं पटलं ते आपल्याकडच्या बातमीवरून. ४ ऑक्टोबर २०२२, उत्तरकाशीजवळचं द्रौपदी का डांडा-२, गिर्यारोहणाचं प्रशिक्षण घेणारी मुलं. सत्तावीस मृतदेह मिळाले, दोघांचा शोध लागला नाही. ती फोनवर गप्प झाली, मग म्हणाली, "दसऱ्याच्या आदल्या दिवशी गं ती बातमी आली होती."

गेल्या वर्षी ज्या दिवसाचा फोटो बघून तिने विचारलं, त्या दिवशी असं झालं. झाडीतून वर आलो, सपाटीवर पाऊल टाकलं आणि पायांखालून 'व्हुंफ' असा दबका आवाज आला, रिकाम्या पिंपावर गादी टाकावी तसा. खालची साखर खचल्याचा तो आवाज. मी जागची थांबले. फावड्याने जमिनीपर्यंत खणलं, पंचेचाळीस सेंटिमीटर. वर एक वीत कडक थर, खाली साखर. हातमोजा काढून मुठीत घेतली, ती बोटांमधून गळून गेली. पुढची घळ उन्हात चमकत होती, तिच्यावर एकही रेघ नव्हती, आणि मला ती हवी होती. नवऱ्याने गुडघ्यावरून नुसता हात फिरवला. आम्ही आल्या वाटेने वळलो.

खाली येताना वर चाललेले पाच जण भेटले, विशी-पंचविशीतले. थांबून आवाजाचं आणि खड्ड्याचं सांगितलं. दोघी आमच्याबरोबर परत फिरल्या. तिघं आभार मानून पुढे गेले. गाडीपाशी आल्यावर नवऱ्याने बूट सैल केले, चहाचा थर्मास उघडला, पण स्की गाडीवर बांधल्या नाहीत. बीकनही उतरवला नाही. दोन तास आम्ही चौघं त्या घळीकडे बघत बसलो. पावणेतीनला ते तिघं हसत खाली आले. घळ जागची हलली नव्हती. मग त्याने बीकन बंद केला आणि किल्ली फिरवली.