पंप गोणीत येतो, गाडी दिसत नाही

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात देवगडहून सकाळच्या एसटीने एक पंप आला, तांदळाच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेला. वर तिथल्या गॅरेजवाल्याची चिठ्ठी होती: "गरम चालू नाही. अर्जंट. आंबा." कणकवलीत डिझेल इंजिनाचे पंप आणि सिलिंडरांत डिझेल फवारणारे नोझल यांचं काम मी बावीस वर्षं करतोय, त्यामुळे या पाच शब्दांत मला सगळं कळलं असं वाटलं.

पंप जुन्या डीआय, म्हणजे थेट सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या इंजिनाच्या, पिकअपचा, रोटरी. तो बनवणाऱ्या मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, तरी आमच्याकडे जुनी माणसं अजून त्याला 'मायकोचा पंप'च म्हणतात. यात चार सिलिंडरांना मिळून एकच प्लंजर, म्हणजे दट्ट्या, असतो. तो फिरतो आणि पुढेमागेही होतो, आणि फिरता फिरता चारही नोझलांना आळीपाळीने डिझेल वाटतो. प्लंजर आणि तो ज्यात फिरतो ते हेड यांच्यात फट असते मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश भागाएवढी. ती घासून वाढली की थंड, जाड डिझेल कसंबसं दाब धरतं. गरम झालेलं डिझेल पातळ होऊन त्याच फटीतून मागे निसटतं. स्टार्टरवर पंप मिनिटाला जेमतेम शंभर फेरे फिरतो, तेवढ्यात नोझल उघडण्याइतका दाबच तयार होत नाही. गाडी धावत असते तोवर काही जाणवत नाही. बंद करून चहा प्यायला उतरलात की फसलात.

मी मालकांना फोन केला. ते म्हणाले, "गरम झाली की चालू होणा नाय. पंपार पाणी घातला की होता." म्हणजे केबिनमध्ये पाण्याची बाटली ठेवून त्यांचा ड्रायव्हर गेलं वर्षभर गाडी चालवत होता. ही युक्ती कोकणातल्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक आहे, आणि तिच्यामुळेच पंप माझ्याकडे उशिरा येतात.

पंप उघडला. हेड काढून प्लंजर प्रकाशात धरला. बारीक चरे होते, आणि एका बाजूला नखाएवढा तपकिरी डाग. तो डाग मी पाहिला होता, हे मुद्दाम लिहितोय. पाहिला आणि मनात म्हटलं, खारी हवा, जुना पंप, असणारच. हेड बदलायचं होतंच, त्यामुळे डागाचा विचार तिथेच संपला.

हेड-प्लंजर ही जुळवलेली जोडी असते. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या हेडात जात नाही. बाजारात अर्ध्या किमतीत हुबेहूब डब्यातली नकली जोडी मिळते, ती मी लावत नाही. खरी जोडी डिझेलमध्ये बुडवून तिरपी धरली की प्लंजर स्वतःच्या वजनाने, न अडखळता, सावकाश खाली सरकतो. हे इतक्या वर्षांनीही मला बघत राहावंसं वाटतं. आत डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या चार पात्या नवीन घातल्या, रोलरांची उंची एकमेकांशी ताडून पाहिली, प्लंजरच्या पायाखालची शिम, म्हणजे अंतर जुळवायची पातळ चकती, मोजून बसवली. हेड आत घालताना इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या लिव्हरचा गोल टोकाचा खिळा, डिझेलचं माप ठरवणाऱ्या बाहीच्या छिद्रात बरोबर बसला पाहिजे. तो चुकला तर इंजिन चालू होताक्षणी बेफाम पळतं, चावी फिरवून बंद करायलाही वेळ मिळेल की नाही सांगता येत नाही. हे काम मी शिकाऊ पोरावर कधी सोडत नाही. तशी शिकणारी पोरंही आता राहिली नाहीत. सगळ्यांना लॅपटॉप लावून कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ताब्यातली नवी इंजिनं, बघायची असतात. हातांना डिझेलचा वास नको.

बेंचवर शंभर फेऱ्यांना चारही काचनळ्या एकसारख्या भरल्या. आतला दाब फेऱ्यांबरोबर सरळ चढत गेला, वेग वाढला की डिझेल आधी सोडणारा अ‍ॅडव्हान्स वेळेवर हलला. रात्री साडेअकराला सील मारलं आणि सकाळच्या गाडीने पंप परत पाठवला. टायमिंग डायल गेज लावूनच करा, कानाने नको, असं गॅरेजवाल्याला दोनदा बजावलं.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे मालकांचा फोन आला. गाडी रात्री करूळ घाटात आंब्याच्या पेट्या भरलेली असताना बंद पडली होती. आधी ओढ कमी झाली, मग धूर, मग काहीच नाही. पेट्या दुसऱ्या गाडीत चढवेपर्यंत वाशीचा त्या सकाळचा बाजार हुकला. ते ओरडले नाहीत. "आता काय करूचा, तुमीच सांगा," एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

या वेळी मी म्हटलं, पंपाला हात लावू नका, मी येतो. बावीस वर्षांत किती वेळा पंपामागे गाडीपर्यंत गेलो असेन? हाताच्या बोटांवर मोजता येईल. गॅरेजवाला तक्रार ऐकतो, पंप काढतो, पाठवतो. मी पंप वाचतो. गाडी त्याची, पंप माझा, अशी वाटणीच पडून गेली आहे, आणि मधलं कोणाचंच नसतं.

गाडी ओढून देवगडला आणून ठेवली होती. फिल्टरच्या तळाच्या भांड्याचा पाणी काढायचा स्क्रू गंजून घट्ट बसलेला, म्हणजे कित्येक वर्षांत कोणी सोडलेलाच नव्हता. ते भांडं पाण्याने भरलं की पुढचं पाणी थेट पंपात जातं. टाकीच्या तळातून काचेच्या बाटलीत काढलं आणि बाटली पायरीवर ठेवली. थोड्या वेळाने वर पिवळसर डिझेल, खाली गढूळ पाणी, मधे ओढल्यासारखी रेघ. खालच्या पाण्यात काडी बुडवून जिभेला लावली. खारट.

पावसाचं पाणी खारट नसतं. हवेतल्या दमटपणाने टाकीत साचलेलंही नसतं. मी टाकीचं तोंड बघितलं. हौद्याच्या खाली, बाजूला. झाकणाचा रबर केव्हाच गेला होता, त्या जागी प्लास्टिकची पिशवी दुमडून दाबलेली. ड्रायव्हरला विचारलं, आंब्याच्या खेपा नसतात तेव्हा गाडी काय करते? तो म्हणाला, बंदरावरची मासळी. बर्फाच्या क्रेटमधलं पाणी हौद्याच्या फटीतून गळून नेमकं झाकणावर पडत होतं. मीठ आणि माशाचा चिकट ओघळ खालपर्यंत सुकलेला होता. पावसाळ्यातली मासेमारीबंदी सोडली तर वर्षभर हेच चालू होतं.

दर सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेल्या लाईन पंपाच्या खालच्या भागाला निदान इंजिन ऑइल मिळतं. रोटरीला डिझेल हेच तेल. त्यात मिठाचं पाणी आलं की पात्या अडकतात, प्लंजर हेडातच चिकटतो. माझं नवीन हेड उघडलं तेव्हा प्लंजर तपकिरी झालेला होता, ठोकूनही निघेना.

टाकी उतरवून धुतली, सगळ्या नळ्या फुंकल्या, नोझल काढून तपासले, फिल्टर आणि भांडं नवीन. झाकण मी स्वतः बाजारातून आणलं. त्याची किंमत हेडच्या किमतीपुढे सांगायचीही लाज वाटते. दुसऱ्या हेडचे फक्त भागाचे पैसे घेतो, मजुरी नको, असं मी म्हटलं. मालकांनी पूर्ण रक्कम मोजून ठेवली. मी म्हटलं, काका, मासळीचं तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. ते शांतपणे म्हणाले, "तुमी इचारूक नाय, मी सांगूक नाय."

गॅरेजवाल्यावर मी रागावलो, तो राग खरा होता. पंप काढण्याआधी एक स्क्रू सोडून बघायला त्याला पाच मिनिटंही लागली नसती. पण गाडी त्याने पाहिली होती आणि डाग मी पाहिला होता. घासून चरे पडतात. तपकिरी डाग घासून पडत नाही, गंजून पडतो, आणि बंद पंपात डिझेलमध्ये बुडालेल्या भागाला हवा लागून गंज चढत नाही. हे मी शिकाऊ पोरांना शिकवलेलं आहे. त्या संध्याकाळी माझ्यापुढे आणखी तीन पंप होते आणि सगळ्यांच्या चिठ्ठीवर 'अर्जंट' होतं.

दोन्ही प्लंजर मी भंगारात टाकले नाहीत. बेंचच्या खणात एकाच डब्यात आहेत. दुसरा अर्धा तपकिरी आहे. पहिल्यावरचा डागही तोच आहे, फक्त लहान.