आमची वाटचाल : ‘गाडी ओढत नाही’ या एका तक्रारीची गोष्ट

साताऱ्यात पोवई नाक्यापासून थोडं आत, मामांच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड टाकून आम्ही गॅरेज सुरू केलं ते २००३ साली. भांडवल म्हणाल तर आयटीआयचं मोटार मेकॅनिकचं सर्टिफिकेट, पुण्याच्या एका गॅरेजात पाच वर्षं काढलेली हमाली, पान्यांचा एक सेट आणि उधारीवर आणलेला जॅक. प्रीमियर पद्मिनी बनायच्या बंद होऊन फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे त्या अजून दारात यायच्या. करंटचे पॉइंट झिरो पेपरने घासायचे, गॅप हॅक्सॉच्या पात्याने बघायचा, कार्ब्युरेटरचे जेट फुंकून साफ करायचे. एवढ्यावर पहिली दोन-तीन वर्षं निभावली. गाडी सुरू झाली की गिऱ्हाईक खूश आणि आम्हीही खूश.

एक तक्रार मात्र तेव्हाही डोकं खायची आणि आजही खाते. ‘पिकअप नाही हो, गाडी ओढत नाही.’ सुरू न होणारी गाडी सरळ असते. करंट नाही तर पेट्रोल नाही, दोन्ही बघितलं की सापडतं. न ओढणारी गाडी सुरू होते, चालते, गावात फिरते आणि घाट लागला की मान टाकते. त्यातून गाडी जुनी असली की मालकही मनाने आधीच हरलेला असतो. ‘इंजिन गेलंच असणार’ असं तोच आपल्याला सांगतो, आणि मेकॅनिकला तेवढं निमित्त पुरतं.

मलाही पुरलं होतं.

२००६ची गोष्ट. गणिताचे एक निवृत्त गुरुजी त्यांची १९९७ची मारुती ८०० घेऊन आले. कार्ब्युरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या गिअरलाही दम टाकते म्हणाले. मी बॉनेट उघडलं, दोनदा रेस करून आवाज ऐकला आणि कपाळाला आठ्या घालून सांगितलं, ‘पिस्टनच्या रिंगा गेल्यात गुरुजी, हाफ इंजिन करावं लागेल.’ कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजलं नव्हतं. मोजायला गेजच नव्हतं माझ्याकडे! हेड उतरवलं, व्हॉल्व्ह लेथवाल्याकडे ग्राइंडिंगला दिले, नव्या रिंगा, नवं गॅस्केट. आठ दिवसांनी गाडी जोडली, लाडाने स्टार्ट केली आणि घाटाला नेली. जशीच्या तशी. दुसरा गिअर, फुल अॅक्सिलरेटर, आणि मागून दूधवाला मोपेडवर हॉर्न देतोय.

चार दिवस मी कार्ब्युरेटर खोलून जोडत राहिलो. शेवटी आमच्या वस्तादांना बोलावलं. एसटीच्या वर्कशॉपात हयात घालवून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही. मला रेस द्यायला बसवलं, स्वतः मागे जाऊन उकिडवे बसले आणि सायलेन्सरच्या नळीपुढे तळवा धरला. मग म्हणाले, ‘इंजिन झ्याक हाय तुझं. तिला श्वास सोडाय वाट न्हाई.’ पुढच्या पाइपचे नट सोडून फट पाडली आणि तसंच घाटाला चल म्हणाले. सगळा सातारा जागा होईल असा आवाज, पण गाडी तिसऱ्या गिअरला चढली. सायलेन्सर आतून गंजून त्यातली जाळी कोसळली होती आणि तिने वाटच बुजवली होती. बाहेरून सायलेन्सर ठणठणीत दिसत होता.

त्या दिवशी संध्याकाळी मी जुन्या रिंगा डब्यातून काढल्या, बोअरमध्ये बसवून फीलर गेजने गॅप मोजायचा होता म्हणून लेथवाल्याकडे भंगारात पडलेला एक ब्लॉक शोधला. त्याच मापाचा निघाला. गॅप मर्यादेत होता.

गुरुजींना खरं सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, ‘उत्तर चुकलं तर मी मुलांना पायऱ्यांचे मार्क देत असे. तुझ्या पायऱ्या दाखव.’ दाखवायला काही नव्हतं. मजुरीचे साडेतीन हजार मी तीन हप्त्यांत परत केले. पार्टचे आणि लेथचे पैसे मात्र त्यांचेच गेले. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही आणि, लपवून काय करायचं, मीही काढला नाही.

आमच्या सौ. तेव्हा गॅरेजचा हिशेब बघू लागल्या होत्या. त्यांनी एक लांबट वही आणली आणि सांगितलं, ‘इंजिनाचा नट सोडायच्या आधी यात काहीतरी लिहिलेलं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर लेथचं बिल मी देणार नाही.’ आमच्या धंद्याची खरी सुरुवात मी त्या वहीपासून धरतो.

पुढच्या सहा महिन्यांत कॉम्प्रेशन गेज आणि व्हॅक्यूम गेज घेतलं. व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिन हवा किती जोरात ओढतं ते दाखवणारं, ही वस्तू आजच्या पोरांना जुनाट वाटते, पण जुन्या पेट्रोल गाडीला तिच्याइतका स्वस्त डॉक्टर नाही. मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या मार्गाच्या, नळीला जोडायचं आणि काटा बघायचा. पुस्तकात आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, १८ ते २१ इंच पारा लिहिलेलं असतं. पहिल्या महिन्यात मला सगळ्याच गाड्या आजारी वाटायला लागल्या, कारण कुठलीच एकवीसला जाईना. मग लक्षात आलं, पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीचा. सातारा सातशे मीटरच्या वर आहे, इथे दोन-अडीच इंच कमीच दिसणार. काटा १६-१७वर स्थिर असेल तर गाडी ठीक. ठरावीक ठेक्याने झटका घेऊन खाली येत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. आणि गुरुजींच्या गाडीचा आजार? मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर रेस धरून ठेवायची. आधी काटा जागेवर येतो आणि मग, रेस तेवढीच असताना, हळूहळू खाली घसरायला लागतो. कोंडलेला धूर मागे साठत जातो तसतसा. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यासाठी मी आठ दिवस इंजिन फोडून बसलो होतो.

उंचीचा हा हिशेब आम्हाला दुसरीकडेही उपयोगी पडला. चिपळूणकडची मंडळी कुंभार्ली घाट चढून वर येतात आणि कार्ब्युरेटरवाली गाडी इकडे आल्यावर मंदावते म्हणतात. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकद हजार मीटरला साधारण दहा टक्के घटते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. तिथे गाडी कोकणातल्यासारखी पळणार नाही, हवाच विरळ. त्यात कार्ब्युरेटरला हवा विरळ झाल्याचं कळत नाही, तो पेट्रोल सोडतच राहतो, प्लग काळे पडतात. अशा गाडीला आम्ही घरी पाठवतो आणि खाली उतरल्यावर फोन करा म्हणतो. असे दोन-तीन रिकामे दिवस सुरुवातीला परवडत नसत, पण तेच लोक पुढे सर्व्हिसिंगला घाट चढून यायला लागले.

आता आमची पद्धत अशी बसली आहे की इंजिनाची पाळी सगळ्यात शेवटी येते. आधी गाडी जॅकवर घेऊन चारही चाकं हाताने फिरवायची. मागचा ब्रेक ड्रमला धरून राहिलेला असतो आणि मालक पिकअप शोधत फिरतो. गाडी फिरवून आणल्यावर एखादी डिस्क हात लावू देत नसेल, तर उत्तर तिथेच. मग चढाला वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबायचा. आवाज वाढला आणि वेग नाही वाढला तर क्लच प्लेट घसरतेय, इंजिन बिचारं आपलं काम करतंय. मग एकाने आत बसून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि दुसऱ्याने कार्ब्युरेटरच्या तोंडाशी बघायचं, झडप पूर्ण उघडते का. केबल ताणून ढिली झाली असेल तर गाडी आयुष्यभर पाऊण ताकदीवर चालते.

यावरून आठवलं. कोरेगावचे एक व्यापारी नव्यानेच अंतर्बाह्य सजवलेली झेन घेऊन आले होते. तीन ठिकाणी दाखवून झाली होती, प्लग, फिल्टर, पेट्रोल पंप सगळं नवं. आमच्या पोऱ्याने पॅडल दाबलं आणि ओरडला, ‘दादा, पॅडल खाली जातच नाय!’ सजावटीत टाकलेली जाडजूड काथ्याची मॅट पॅडलच्या खाली सरकून बसली होती. मॅट काढली, गाडी उडाली. बिल काय लावायचं ते कळेना. त्यांनी दुसऱ्या दिवशी कंदी पेढ्यांचा किलोचा पुडा पाठवला, तो वहीत जमेला धरला आहे.

हे सगळं ठीक निघालं तर मग करंट आणि टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ. जुन्या ८००ला डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूला एक चपटी डबी असते, इंजिनावरच्या लोडप्रमाणे टायमिंग पुढे-मागे करणारी. तिच्यातला पडदा फाटला की गाडी आयडलिंगला गोड चालते आणि रस्त्यावर मठ्ठ होते. तपासायला यंत्र लागत नाही. रबरी नळी काढायची, तोंडाने ओढायची आणि जीभ लावायची. जीभ चिकटून राहिली तर पडदा शाबूत. नवीन पोरं तोंड वाकडं करतात, पण करतात. टायमिंग बेल्ट एक दात सरकलेला असेल तरी अगदी असंच मठ्ठपण येतं, आणि बेल्ट नुकताच बदललेल्या गाडीत तर आम्ही आधी तिथेच बघतो.

तरीही सापडलं नाही तर कॉम्प्रेशन. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून चार-पाच झटके. आकडा किती यापेक्षा तिन्ही सिलिंडर एकमेकांशी किती जुळतात याला महत्त्व. एक कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट. हे तीन आकडे वहीत लिहिले आणि गिऱ्हाइकाची सही घेतली की मगच आमच्याकडे हेडच्या बोल्टला पाना लागतो. मोठं काम निघालं तर क्रँक आणि ब्लॉक कोल्हापूरला उद्यमनगरात जातो. तिथल्या बोअरिंगला तोड नाही, साताऱ्याच्या लेथवाल्यांनी राग मानू नये.

२००९ला आम्ही एमआयडीसीकडे भाड्याच्या पक्क्या जागेत आलो. २०१६मध्ये मुद्रा योजनेतून कर्ज काढून दोन खांबी लिफ्ट आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर घेतला. कर्जाच्या फायलीपायी बँकेच्या किती चकरा मारल्या ते सौ.ना विचारा.

स्कॅनर आल्यावर वाटलं आता वहीचं काम संपलं. पहिल्याच वर्षी एक स्विफ्ट डिझेल आली, महाबळेश्वरची प्रवासी भाडी करणारी. घाटात टर्बो लागायच्या वेळेला एकदम ताकद जायची, चेक लाइट पेटायचा आणि गाडी कासवासारखी वर यायची. स्कॅनरने टर्बोचं प्रेशर कमी असल्याचा कोड दाखवला. मालकाला आधीच कुणीतरी टर्बो बदलायला सांगितलं होतं आणि तो बायकोचे दागिने गहाण ठेवायच्या बेतात होता. आम्ही लिफ्टवर घेऊन टर्बोची हवा नेणाऱ्या, इंटरकूलरच्या रबरी पाइपवरून बोट फिरवलं. एका क्लिपच्या खाली तेलात भिजलेल्या धुळीची बारीक काळी रेघ होती. पाइप हाताने दाबला तर काही दिसेना, वाकवला तेव्हा दोन इंचाची चीर उघडली. उभ्या गाडीत ती बंद राहायची, लोड आला की फाकायची आणि हवा बाहेर. पाइप बदलला, टर्बोला हातही लावला नाही. स्कॅनर खोटं बोलला नव्हता. प्रेशर कमी होतं हे खरंच. ते का कमी आहे ते त्याला विचारून कळत नाही, म्हणून वही चालूच आहे. आता ती आयटीआयमधून आलेली आमची एक मुलगी लिहिते, अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी बरं.

२०२०च्या टाळेबंदीनंतर महिनाभर आम्ही जवळपास फक्त उंदरांनी केलेली कामं निस्तरली. उभ्या गाड्यांच्या वायरी कुरतडलेल्या, आणि एका ओम्नीच्या एअर फिल्टरच्या डब्यात कापूस, चिंध्या आणि शेंगांची टरफलं घालून बांधलेलं सुबक घर. त्या इंजिनाला हवा मिळणार कुठून?

अलीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे झाल्यापासून जुन्या गाड्यांचे मालक प्रत्येक गोष्टीचं खापर त्यावर फोडतात. लिटरमागे ऊर्जा थोडी कमी मिळते, हे खरं. जुन्या कार्ब्युरेटरच्या रबरी नळ्या आणि वॉशर त्या पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते, तेही खरं. म्हणून वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीच्या नळ्या आम्ही सरसकट बदलायला सांगतो. पण मागच्या महिन्यात ‘इथेनॉलने मारली’ म्हणून आलेल्या गाडीचा पेट्रोल फिल्टर उलटा बसवलेला निघाला.

वहीचे आता अकरा खंड झालेत. ज्या गाडीचं इंजिन खरोखर उघडावं लागलं तिच्या पानाचा कोपरा आम्ही दुमडतो. कपाटात वह्या आडव्या ठेवल्यात. कडेने बघितलं तर दुमडलेले कोपरे मोजके दिसतात. गुरुजींची ८०० अजून आमच्याकडेच येते, रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी वाढवून. त्या जुन्या रिंगा तिच्याच डिकीत डब्यात आहेत, गुरुजी टाकू देत नाहीत.

गॅरेज सोमवारी बंद असतं. पिकअपची तक्रार असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून लावा, म्हणजे सकाळचा थंड स्टार्ट आम्हाला बघता येतो. येण्याआधी प्लग साफ करू नका, त्यांचा रंग आम्हाला बघायचा असतो. आणि पायाखालची मॅट काढू नका. रोज चालवता तशीच आणा.