मोठ्या आईच्या कानाखालची गाठ

गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्या मोठ्या आईच्या डाव्या कानाखाली लिंबाएवढी गाठ असल्याचे घरात सर्वांच्या ध्यानात आले, तेव्हा ती गाठ आठ महिन्यांची जुनी होती आणि इतके दिवस पदराआड झाकलेली होती. आधी गालगुंड समजून तिने घरीच लेप लावला, मग एका डॉक्टरांनी कोणतीही तपासणी न करता तीनदा अँटिबायोटिक दिले. मोठ्या दवाखान्याचा विषय निघाला की ती म्हणायची, "गाठीले सुई नोका लावू बाप्पा, सुई लावली का गाठ पसरते."

आमच्या आर्वी तालुक्यात हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे की त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. कानाखाली लाळ तयार करणारी ग्रंथी असते. अशा लाळग्रंथीच्या गाठीतून पेशी काढून तपासण्यासाठी जी सुई घालतात, ती साधारण २२ ते २५ क्रमांकाची, म्हणजे रक्त काढण्याच्या सुईएवढी किंवा तिच्याहूनही बारीक असते, आणि तिच्यामुळे गाठ पसरण्याचा प्रकार अत्यंत दुर्मीळ आहे. खरा धोका निदानाआधीच गाठ कापून तुकडा काढण्यात असतो. कानाखालच्या ग्रंथीतून चेहऱ्याची नस जाते आणि तिला इजा झाली तर डोळा मिटत नाही, ओठ वाकडा होतो. शिवाय काही गाठींचे आवरण फुटले की पेशी आसपास सांडून गाठ पुन्हा उद्भवते.

सोनोग्राफीनंतर वर्ध्याला सुईची तपासणी झाली, तेव्हा मी तिचा हात धरून बसलो होतो. पॅथॉलॉजिस्ट बाईंनी गाठ दोन बोटांत घट्ट धरली, सुई आत घालून काही क्षण मागेपुढे केली आणि सुईतला ऐवज काचपट्टीवर उतरवला. तो जरा चिकट, चकाकणारा होता. दुसऱ्या पट्टीने तो पसरून काही पट्ट्या हवेत वाळवल्या, काही लगेच अल्कोहोलमध्ये बुडवल्या, कारण दोन्हींना वेगवेगळे रंग द्यायचे असतात. गाठीवर कापूस दाबून धरायला सांगितला, तेव्हा मोठ्या आईने विचारले, "झालं का?"

अहवालात प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा असे आले. लाळग्रंथीत सर्वाधिक आढळणारी ही गाठ कर्करोगाची नसते, परंतु वर्षानुवर्षे तशीच ठेवल्यास तिच्यात कर्करोग उद्भवू शकतो, म्हणून ती काढावीच लागते. बाईंनी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली की सुईत कधी पुरेशा पेशी येत नाहीत, पाणी भरलेल्या गाठीत तर निदान हुकूही शकते, आणि तेव्हा सोनोग्राफीत पाहून पुन्हा सुई घालावी लागते किंवा जाड सुईने तुकडा घ्यावा लागतो. क्षयाच्या गाठी आणि लाळेच्या नळीतल्या खड्याने सुजलेली ग्रंथीही बाहेरून अशाच दिसतात, त्यामुळे नुसते चाचपून औषध देत राहणे मला आता अक्षम्य वाटते.

तूर घरात आल्यावर शस्त्रक्रिया झाली. निदान हाती असल्यामुळे नस सांभाळून भोवतालच्या ग्रंथीसह गाठ अखंड काढता आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जन आले आणि त्यांनी मोठ्या आईला डोळे घट्ट मिटायला सांगितले. दोन्ही डोळे पूर्ण मिटले.